दगडासोबत आलेली

थर्माकोलच्या खोक्यात, ओल्या कागदात गुंडाळून
कुरिअरनं आला दगड. साडेचार किलो.
खोक्यावर द्राक्षांच्या निर्यातीचा पुसट शिक्का.
पिंपळगावहून कधीतरी बंदराला गेलं असणार ते,
आणि परतताना भरून आणला
समुद्राचा एक तुकडा.

मी अंबडला बेअरिंग तपासतो.
एक गेज आत गेलं पाहिजे, दुसरं अडकलं पाहिजे.
तसं झालं तर पास,
नाही झालं तर लाल क्रेट.
अठ्ठावीस वर्षं मधलं काही पाहिलेलं नाही.

घरी, सिडकोत, तिसऱ्या मजल्यावर
दोनशे लिटर समुद्र आहे माझा:
बादलीतलं मीठ, आरओचं पाणी,
लाटा काढणारा पंखा, त्याला इन्व्हर्टर.
डिसेंबरात नाशिक आठ अंशांवर उतरतं
तेव्हा मला स्वेटर, समुद्राला हीटर.

चौथ्या दिवशी बटणपोवळ्याची दोन बटणं गायब.
तुटलेली नव्हती. उसवलेली.

टॉर्चला लाल जिलेटिन लावून बसलो.
लाल उजेड त्यांना दिसत नाही म्हणतात.
दीड वाजता दगडाच्या भोकातून
आधी एक नांगी आली, मग बराच वेळ काहीच नाही,
मग दोन डोळे, देठांवर,
कुणी दार उघडून जिना बघावा तसे.

मी वहीत आधीच लिहून ठेवलं होतं:
नांगीचं टोक चमच्यासारखं खोलगट, तर शेवाळ खरवडणारा, राहू द्या.
टोक काळं, अणकुचीदार, तर मांस फाडणारा, काढा.
पायांवर केस, तर संशय.
चपटा, तोंडापुढे पिसांचा पंखा, तर गरीब आहे, पाणी गाळून जगतो.
पोवळ्याच्या फांद्यांत बसलेला गुळगुळीत, तर राखणदार.
त्याला हात लावू नका.

हा?
उजवी नांगी काळी. डावी फिकट,
तुटून नव्यानं उगवत असलेली.
केस पुढच्या पायांवर आहेत, मागच्यांवर नाहीत.
टोक चमच्यासारखं म्हणावं तर आहे.
भिंग बदललं. चष्मा बदलला.
एकही गेज धड जाईना, धड अडकेना.

मग काचेचा पेला तिरका टेकवला दगडाला,
तळाशी कोळंबीचं शेपूट.
सकाळी तो आत. भिंतीवर चढतोय, घसरतोय, चढतोय.

यमुना गावित भांडी घासायला आली, सुरगाण्याची.
पदराला हात पुसत वाकली.
"सायेब, चिमटे काय बघता? उलटा करा की."
मी म्हटलं, चावेल.
तिनं दोन बोटांनी मागून धरला,
नांग्या हवेत कातरत राहिल्या.
"वढ्यावर आम्ही प्वाटच बघतो.
झाकण निमुळतं तर नर. हे बघा, पसरट."
आणि अंगठ्यानं, पाकिटाचा कोपरा उचलावा तसं
ते झाकण जरासं उचललं.

नारिंगी. मोहरीपेक्षाही बारीक.
दाटीवाटीनं, एकमेकांना चिकटून.

"अशी असली का आम्ही सोडून देतो,"
ती म्हणाली, आणि नळ सोडला.

सोडायची कुठे?
गोदावरीचं पाणी गोडं, तासाभरात मरेल.
खारं पाणी इथून घाट उतरून अर्ध्या दिवसावर,
आणि तेही हिचंच असेल कशावरून?
दगडावर गाव लिहिलेलं नव्हतं.

टाकीखाली फिल्टरचा कप्पा आहे,
तिथे एक फुटका खापराचा तुकडा ठेवला, तिला दिली.
ती तिरकी गेली, मागे न बघता,
म्हणजे त्यांचं मागे कुठे असतं कोण जाणे.

वहीत नोंद केली.
तारीख. दगड क्रमांक तीन.
जात: (जागा सोडली.)
मादी, अंड्यांसह.
तपासणारा: इथे माझं नाव लिहिलं,
मग खोडलं. य. गावित.

कारखान्यात एक पिवळं लेबलही असतं,
ना पास, ना लाल क्रेट.
वर्षाकाठी चार-पाच लागतात.
एक खिशात घालून आणलं,
कप्प्याच्या काचेवर चिकटवलं.

रात्री दीडला जाग येतेच आता.
टॉर्च खाली धरतो.
खापराच्या कडेला दोन डोळे, देठांवर,
जिना बघून घेतात.